ध्रुवसमुद्राचं मीठ मोजताना

नोकरीची सगळी वर्षं मी मीठ मोजलं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा सासऱ्यांनी विचारलं होतं, "मुलगी नोकरीत करते काय?" माझे वडील ताठ बसून म्हणाले, "समुद्राच्या पाण्यात मीठ किती आहे ते मोजते." सासरे म्हणाले, "आपल्याकडे मिठागरात घमेल्याने मोजतात. त्याला एम.एस्सी. लागते?" तरीही लग्न झालं, आणि वसईतल्या केळी-पानवेलींच्या वाडीतून मी रोज मुंबईला प्रयोगशाळेत जायला लागले.

सासऱ्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी पुढे कितीतरी जणांना दिलं. किलोभर समुद्राच्या पाण्यात साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं. कुठे थोडं जास्त, कुठे थोडं कमी. हा थोडासा फरक जिभेला कळत नाही, समुद्राला मात्र कळतो. जास्त खारट पाणी जड, ते खाली जातं. कमी खारट पाणी हलकं, ते वर राहतं. समुद्राच्या पोटात जी उलथापालथ चालते तिच्यात या फरकाचा मोठा हात असतो. आमच्या यंत्रात पाण्याचा नमुना घालून त्यातून वीज सोडायची. मीठ जितकं जास्त, तितकी वीज सहज जाते. आधी काचेच्या नळीत सीलबंद आलेलं, मीठ नेमकं माहीत असलेलं पाणी घालून यंत्राचा कान पिळायचा, आणि मग आपले नमुने लावायचे. काम कंटाळवाणं म्हणतात. मला आवडायचं. एकाग्र होऊन केलं तर कुणाशी बोलावं लागत नसे.

सत्तरच्या दशकात मी अरबी समुद्राचंच पाणी मोजलं. ऐंशीनंतर आपली जहाजं अंटार्क्टिकाला जायला लागली आणि माझ्या टेबलावर एकदम दक्षिण ध्रुवाकडचं पाणी आलं. त्याच सुमारास आमच्या वरच्या मजल्यावर डॉ. मोघे आले. उंच, थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात चार पेनं, आणि कुणाशीही बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायची सवय. गणितज्ञ. समुद्रात कधी घोट्यापर्यंतसुद्धा उतरलेले नव्हते, आणि हे ते स्वतःच सांगायचे.

मोघ्यांनी संगणकात एक समुद्र बनवला होता. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्राचे नकाशावर चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाचे खोलीप्रमाणे थर करायचे. अशा प्रत्येक डब्यात पाणी किती थंड आणि किती खारट ते आकडे भरायचे. वारा, ऊन, प्रवाह यांची गणितं सांगायची. मग संगणक हिशेब करतो की उद्या त्या डब्यात काय असेल, परवा काय असेल आणि बर्फ कधी धरेल. संगणक म्हणजे त्या काळी गारेगार खोलीत ठेवलेली कपाटंच्या कपाटं. त्यांना भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे खिलवायचे आणि उत्तराची वाट बघायची. एखादं कार्ड चुकीच्या जागी गेलं तर समुद्र उकळायचा. मोघ्यांचा एकदा खरंच उकळला होता.

असा समुद्र नुसता सोडून दिला तर भरकटतो. आज केसभर चुकतो, महिन्याने हातभर. म्हणून खऱ्या समुद्रातली निरीक्षणं त्याला मधूनमधून दाखवावी लागतात. बघ बाबा, इथे पाणी असं आहे, तू जरा इकडे सरक. ती निरीक्षणं माझ्या टेबलावरून जायची. म्हणजे मी दुकानदार आणि मोघे माझे गिऱ्हाईक.

एकदा मोहिमेचं जहाज परत आलं आणि पाण्याच्या बाटल्यांची खोकी माझ्याकडे पोचली. मी आठवडाभर यंत्रावर बसून सगळे नमुने मोजले आणि आकडे वर पाठवले. काही दिवसांनी मोघे स्वतः खाली आले. असं ते कधी करत नसत.

"राऊतबाई, तुमच्या आकड्यांनी माझा समुद्र सुधारला!" ते म्हणाले. "पूर्वी माझ्याकडे बर्फ फार लवकर धरायचा. लोक हसायचे. आता तुमचं मीठ घातलं आणि बर्फ पुढे गेला. पुढच्या मोहिमेचं जहाज बर्फाच्या कड्याशी मार्चमध्येही, म्हणजे तिकडचा उन्हाळा संपला तरी, आरामात थांबू शकेल. तसा अहवाल मी देतोय."

मीठ जास्त असलं की बर्फ का लांबतो, हे इथे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वरचं पाणी थंड झालं की जड होतं आणि खाली बसतं. त्याच्या जागी खोलवरचं, जरा उबदार पाणी वर येतं. हे वर-खाली चालू आहे तोवर बर्फ धरत नाही. पण वरच्या थरात मीठ कमी असेल, म्हणजे उन्हाळ्यात वितळलेल्या बर्फाचं हलकं पाणी तिथे साचलेलं असेल, तर ते कितीही गारठलं तरी खाली बसत नाही. वरच्या वर थंड होतं आणि झटक्यात गोठतं. जहाज तेव्हा तिथे असेल तर अडकतं. बर्फात अडकलेलं जहाज म्हणजे एक तर पुढच्या उन्हाळ्याची वाट, नाहीतर बर्फाच्या दाबाने चेपलेलं लोखंड.

मोघे खूश होऊन वर गेले. मी रिकाम्या बाटल्या धुवायला घेतल्या. त्या वर्षी काचेऐवजी प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या घेतल्या होत्या, फुटत नाहीत म्हणून. एक झाकण उघडलं तर आट्यांवर पांढरी रेघ. दुसरं उघडलं, तिथेही. मी नळ बंद केला. बोट लावून चाखलं. मीठ. मिठागराच्या गावाजवळ वाढलेल्या मुलीला ते चाखायचीही गरज नव्हती. मीठ बाहेर येऊन वाळलं होतं, म्हणजे झाकण गळत होतं. आणि झाकण गळत होतं म्हणजे विषुववृत्तावरून येताना उन्हात पाण्याची वाफ निघून गेली होती आणि आत उरलेलं पाणी जास्त खारट झालं होतं. मोजताना यंत्राने खोटं सांगितलं नव्हतं. बाटलीत आलेलं पाणीच ते नव्हतं.

मी जिने चढून मोघ्यांच्या खोलीत गेले. "मोघेसाहेब, अहवाल थांबवा."

त्यांनी ऐकून घेतलं. चेहरा उतरला. मग म्हणाले, "किती बाटल्या गळल्यात?"

"माहीत नाही."

"प्रत्येकीत मीठ किती वाढलंय?"

"तेही माहीत नाही."

"मग थांबवू कशाच्या जोरावर?"

"माहीत नाही, याच जोरावर," मी म्हटलं. "माझ्याच आकड्यांवर उद्या जहाज तिथे थांबणार असेल तर मला झोप लागायची नाही."

ते चिडले. आवाज चढवणाऱ्यांपैकी ते नव्हते, पण पेन टेबलावर आपटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा समुद्र लोकांना पटण्यासारखा वागत होता आणि एक बाई येऊन सांगत होती की तो खोटा आहे. शेवटी म्हणाले, "सिद्ध करून दाखवा. तोवर थांबतो."

सिद्ध करायला ऊन हवं होतं. आमच्या इमारतीच्या गच्चीवर मला कुणी जाऊ देईना. म्हणून मी त्याच जातीच्या कोऱ्या बाटल्या आणि एका पिंपातलं मोजलेलं समुद्राचं पाणी वसईला घरी आणलं. वाडीत सासूबाईंचा सुकेळ्यांचा मांडव होता. राजेळी केळी सोलून त्यावर उन्हात वाळवायची, संध्याकाळी गोळा करायची, हे त्यांचं राज्य. एका कडेला मी बाटल्या मांडल्या. घरात आमची बोली वेगळी आहे. इथे सगळ्यांना कळेल अशी लिहिते.

"हे काय?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, पाणी उन्हात ठेवून बघायचंय."

"मीठ करणार? त्याला ताट लागतं, बाटली कशाला?"

"मीठ होऊ नये म्हणूनच बघायचंय. झाकणं गळतात का ते."

त्यांना ते पटलं नाही, पण त्यांनी बाटल्यांची काळजी केळ्यांसारखी घेतली. ऊन फिरलं की बाटल्या फिरवायच्या. कावळे हाकलायच्या. शेजारणीने विचारलं तर म्हणायच्या, "सूनबाई सरकारचं पाणी वाळवते." काही आठवड्यांनी मी बाटल्या परत नेल्या आणि मोजल्या. काही जशाच्या तशा होत्या. काहींत मीठ थोडं वाढलं होतं. काहींत इतकं वाढलं होतं की ध्रुवाच्या समुद्रात ते शक्यच नव्हतं. आणि आट्यांवरची पांढरी रेघ जितकी जाड, तितका फरक मोठा.

मोघ्यांनी आकडे पाहिले. मी मनाशी ठरवलं होतं की ते म्हणणार, सगळं फेकून द्या. पण त्यांनी विचारलं, "जुन्या बाटल्या धुतल्यात?"

"पहिल्याच खोक्यातल्या धुतल्या. बाकी तशाच आहेत."

"चला."

खाली येऊन ते चक्क फरशीवर मांडी घालून बसले. पांढरी पँट घालून. आम्ही एकेक बाटली उजेडात धरून झाकण पाहायचो आणि तीन ढीग करायचो. स्वच्छ, जरा पांढरी, भरपूर पांढरी. दुपारभर ते काम चाललं. मधेच ते म्हणाले, "बाई, मी आजवर प्रत्येक आकड्याचं सारखंच ऐकत होतो. माझ्याकडे येतो तेव्हा सगळे आकडे सारखेच दिसतात. कार्डावर कुणाचेही आटे पांढरे नसतात."

मग त्यांनी आपल्या गणितात बदल केला. स्वच्छ बाटलीचा आकडा आला की संगणकातल्या समुद्राने आपला अंदाज बराच सोडून तिच्या बाजूला यायचं. जरा पांढरी असेल तर थोडंच सरकायचं. भरपूर पांढरीकडे जवळजवळ लक्षच द्यायचं नाही. ऐकायला साधं वाटतं. आज जगभर हे काम मोठमोठी यंत्रं आपोआप करतात आणि त्याला भारदस्त नावं आहेत. आमच्याकडे ते तीन ढिगांनी सुरू झालं.

नव्या गणिताने बर्फ पुन्हा अलीकडे आला. पण एक भोक उरलं. स्वच्छ बाटल्या जवळजवळ सगळ्या लांबच्या, उघड्या समुद्रातल्या निघाल्या. जिथे जहाज बर्फाच्या कड्याला लागून उभं राहतं, नेमक्या तिथल्या बाटल्या पांढऱ्या. मोघ्यांनी अहवालात स्पष्ट लिहिलं की त्या जागेबद्दल आम्हाला काही सांगता येत नाही. आणि शेवटी आणखी एक वाक्य घातलं, जे मी टाइप होऊन आल्यावर वाचलं. पाण्याचे नमुने जहाजावरच मोजले जावेत आणि त्यासाठी श्रीमती राऊत यांना पाठवावं.

बायकांना मोहिमेवर न्यायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती. माझे यजमान शाळेत शिक्षक. ते म्हणाले, "जा. मी मुलीला बघतो." सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी माझ्यासाठी सुकेळ्यांचा डबा भरायला घेतला, तेव्हा मला होकार कळला.

निघण्याआधी नवं सामान तपासायचं होतं. नमुना घ्यायला धातूची नळी असते, दोन्ही तोंडं उघडी. ती दोराला बांधून खोल सोडायची. हव्या त्या खोलीवर पोचली की दोरावरून एक छोटं वजन खाली सोडायचं. ते घसरत जाऊन नळीच्या खटक्यावर आपटतं आणि तोंडं बंद होतात. त्या वजनाला आम्ही 'जासूद' म्हणायचो. मी अर्नाळ्याला पास्कल तांडेलांची होडी ठरवली. हे कळल्यावर मोघे म्हणाले, "मीही येतो. एकदा बघायचंय."

पास्कल तांडेल पन्नाशीचे, गळ्यात क्रूस, बोलणं मोजकं. त्यांची मोठी मासेमारीची होडी किल्ल्याला वळसा घालून बाहेर पडली आणि मोघ्यांना बोट लागली.

"सायब, खाली बगू नका," तांडेल म्हणाले. "किल्ल्यावं नजर ठेवा."

मोघ्यांनी किल्ल्यावर नजर ठेवली आणि तरीही सकाळचा चहा समुद्राला दिला. तोंड धुतलं आणि म्हणाले, "बाई, आता मी सोडतो." त्यांनी नळी सोडली, जासूद सोडला, ओढून वर घेतलं. नळी उघडीच. पुन्हा सोडली. पुन्हा उघडी. तिसऱ्यांदा मी त्यांना दोर दाखवला. होडी वाऱ्याने सरकत होती आणि दोर पाण्यात सरळ न जाता तिरका गेला होता. जासूद मधेच अडकत होता.

मोघे दोराकडे बघत राहिले. "म्हणजे तुम्ही मला लिहून देता, इतक्या खोलीवरचं पाणी. ते खोली असते की दोराची लांबी?"

"दोराची लांबी. तिरपेपणाचा अंदाज घेऊन आम्ही कमी करतो."

"अंदाज घेऊन!"

"समुद्रात पट्टी उभी राहत नाही, साहेब."

तांडेलांना इतका वेळ एक शंका होती. त्यांनी ती विचारली. "बाई, तितं पानी गोठून दगड होतंय म्हंता. मंग मासं कुटं जात्यात?"

"खालीच असतात. बर्फ वरवर असतो, खाली पाणी वाहतं राहतं."

"मंग बरं," ते म्हणाले आणि त्यांनी होडीचं तोंड वाऱ्याकडे करून ती सरकणार नाही अशी धरली. पुढची नळी बंद होऊन वर आली. मोघ्यांनी ती दोन्ही हातांनी धरली. किनाऱ्याला लागल्यावर वाळत घातलेल्या बोंबलांच्या ओळींमधून चालताना ते म्हणाले, "खोलीच्या आकड्यांचेही ढीग करायला हवेत." तसे त्यांनी केले.

अंटार्क्टिकाच्या प्रवासाबद्दल इतरांनी भरपूर लिहिलंय. मी कामाचं सांगते. जहाज बर्फाच्या कड्याला लागलं. कडा म्हणजे समुद्रातून सरळ वर गेलेली पांढरी भिंत, तिच्या माथ्यावर सपाट पठार. सामान क्रेनने वर जायचं आणि तिथून घसरगाड्यांवरून तळावर. सगळे सामानात गुंतलेले, आणि मी मागच्या डेकवर, चरख्यावर गुंडाळलेली नमुन्याच्या नळीची तार सोडत-ओढत. नळीच्या तोटीतलं पाणी वर आल्याआल्या गोठायचं. मग मी तोटी हातमोज्यात धरून बसायची. नमुना काचेच्या बाटलीत घ्यायचा, या वेळी घट्ट रबरी बुचाच्या, आणि ती अंगरख्याच्या आत छातीशी धरून खालच्या खोलीत यंत्राकडे न्यायची.

पहिलाच आकडा पाहून मी यंत्र पुन्हा जुळवलं. सीलबंद पाण्याची नवी नळी फोडली, पुन्हा मोजलं. तोच आकडा. कड्याजवळचा वरचा थर मला वाटला होता त्याहून बराच कमी खारट होता. कड्याच्या आजूबाजूचे नमुने घेतले, तेही तसेच. वितळलेल्या बर्फाचं पाणी तिथे चादरीसारखं पसरलं होतं आणि ते आधीच गोठायच्या बेताला आलं होतं. आकडे मी रेडिओखोलीतून मोघ्यांना पाठवले. त्यांनी ते आपल्या समुद्राला दाखवले. एक दिवस सोडून उत्तर आलं. नेहमीच्या तारेच्या भाषेत, पण मला आवाज ऐकू आला: तुमच्या पाण्यावर सर्वांत जास्त विश्वास ठेवला आहे. वारा पडताच कड्याजवळ बर्फ धरेल. लवकरात लवकर निघा. पूर्वेकडून वाट मोकळी दिसते.

मी तो कागद मोहिमेच्या नेत्यांकडे नेला. त्यांनी बैठक बोलावली. जहाजाचे परदेशी कप्तान, नेते, मी, आणि देशमुख. देशमुख नागपूरचे अभियंते. हिवाळाभर तळावर राहणाऱ्या तुकडीचे ते प्रमुख होते. जहाज निघाल्यावर वर्षभर तेच आणि त्यांची माणसं तिथे उरणार होती.

"इंधन आणि धान्य वर गेलंय," देशमुख म्हणाले. "पण कार्यशाळेच्या भिंतींचे तयार पाटे अजून जहाजात आहेत. आणि पोरांच्या घरून आलेल्या पेट्या. अजून चार-पाच दिवस द्या मला."

नेत्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. आम्हीही पाहिलं. निळा समुद्र, ऊन, वारा, एकही बर्फाचा तुकडा नाही. देशमुख माझ्याकडे वळले. "बाई, मुंबईतल्या एका कपाटाने सांगितलं म्हणून माझ्या पोरांनी वर्षभर उघड्यावर यंत्रं दुरुस्त करायची?"

"कपाटाचं मी सांगत नाही," मी म्हटलं. "पाण्याचं सांगते. वरचं पाणी हलकं आहे, ते मी स्वतः मोजलंय, तीनदा. ते खाली बसणार नाही. वारा त्याला ढवळतोय म्हणून गोठलेलं नाही. वारा कधी पडेल ते मला माहीत नाही. पडला की फार वेळ मिळणार नाही, हे माहीत आहे."

"आणि तुम्ही चुकत असाल तर?"

"तर तुमच्या पाट्यांचं पाप माझ्या डोक्यावर. मी बरोबर असेन आणि आपण थांबलो, तर जहाजातली सगळी माणसं तुमच्या तळावर राहायला येतील. तुमचं धान्य तितक्यांना पुरेल का?"

कप्तानांनी नकाशा पुढे ओढला. नेते म्हणाले, "उद्या दुपारी निघायचं. देशमुख, तोवर काय उतरवायचं ते तुम्ही ठरवा."

देशमुखांनी पाटे उतरवले. दुसरं काही करणं त्यांना शक्यच नव्हतं. कार्यशाळेशिवाय हिवाळा काढणं अवघड. घरच्या पेट्या जहाजातच राहिल्या. त्यांत आयांनी भरलेली लोणची होती, बायकांनी विणलेले स्वेटर होते, मुलांनी काढलेली चित्रं होती. निघताना कड्यावर सगळे हात हलवायला आले. देशमुख आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे वारा पडला. समुद्र आधी तेलकट झाला, लाटा जड झाल्या, जणू वर साय धरतेय. मग त्या सायीच्या भाकऱ्या झाल्या, कडा वर वळलेल्या, एकमेकींवर आपटत. जहाजाच्या पोटाला त्या घासल्याचा आवाज खालच्या खोलीपर्यंत यायचा. मोघ्यांनी पूर्वेकडून वाट सांगितली होती. पूर्वेला बर्फ सगळ्यात आधी जाड झाला. तेवढं त्यांचं चुकलं. कप्तानांनी दुर्बिणीतून पाहून जहाज उत्तरेला वळवलं आणि आम्ही त्या भाकऱ्या फोडत फोडत उघड्या पाण्यात आलो. मी मागच्या डेकवर उभी होते. आमच्यामागे फोडलेली वाट बघता बघता पुन्हा मिटत होती. मला भीती वाटली नाही असं नाही. पण आपण मोजलं ते खरं निघालं, याचा आनंद भीतीहून मोठा होता, आणि तो लपवायचं मला तेव्हाही कारण वाटलं नाही.

मुंबईला बंदरात पेट्या परत घ्यायला त्या घरांतली माणसं आली. जसा बांधलेला होता तसाच दोर. एका बाईंनी मला विचारलं, "इतक्या लांब गेलं तरी पोचलं नाही?" मी त्यांना वरचं पाणी हलकं होतं वगैरे सांगायला लागले आणि मधेच थांबले.

मोघ्यांना पूर्वेची चूक सांगितली, तेव्हा ते बिलकुल वरमले नाहीत. "पूर्वेकडे तुम्ही किती नमुने घेतले?" त्यांनी विचारलं. एकही नाही, मी म्हटलं. "मग तिथे माझा समुद्र एकटाच होता," ते म्हणाले आणि पुढच्या मोसमाच्या नकाशावर पूर्वेला खुणा करायला लागले. पुढे कितीतरी वर्षं आम्ही असंच काम केलं. मी पाणी आणायची, ते त्याचं किती ऐकायचं ते ठरवायचे, आणि दोघं भांडायचो. त्यांचा समुद्र दर वर्षी खऱ्यासारखा होत गेला. लोक आता हसत नव्हते.

माझ्या त्या पहिल्या मोहिमेनंतर वर्षभराने देशमुखांची तुकडी परत आली. काही दिवसांनी देशमुख प्रयोगशाळेत आले. दाढी काढलेली, चेहरा रापलेला. मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"तुम्हाला सांगायला आलोय," ते म्हणाले. "तुम्ही गेल्यावर आम्ही तुम्हाला बऱ्याच शिव्या दिल्या. नाव घेऊन. मग एकदा कड्याच्या टोकाशी गेलो तर समुद्र नव्हता. क्षितिजापर्यंत पांढरं. बर्फ भक्कम झाल्यावर पोरं खाली उतरली आणि तुमचं जहाज जिथे उभं होतं तिथे क्रिकेट खेळली."

मला हसू आलं. तेही हसले. मग खुर्चीत बसले.

"पण बाई, पेट्या राहिल्या ते वाईट झालं. इंधन होतं, धान्य होतं, पाटेही होते. दिवाळीला घरचं काही नव्हतं. एक पोरगा दिवसभर कुणाशी बोलला नाही. तुमचं बरोबर होतं. तरीही सांगतो."

"मी पुन्हा तेच सांगितलं असतं," मी म्हटलं. "पण पेट्यांचं मलाही लागलंय."

"तर मग एक करा. तुमचं तिथे ऐकतात आता. सामान उतरवायची यादी होते, तेव्हा पेट्या शेवटी टाकतात, कारण त्या हलक्या, कुणाच्या कामाच्या नाहीत. त्या यादीत वर घ्यायला सांगा."

मी मोहिमेच्या कार्यालयात जाऊन बसले. तिथल्या साहेबांनी आधी इंधनाचं महत्त्व समजावलं, मग धान्याचं. मी म्हटलं, "दोन्ही मान्य. पेट्यांना क्रेनच्या दोन खेपा लागतात. पहिल्या दोन द्या." पाण्याचं ऐकायला त्यांना जितका वेळ लागला होता, त्याहून हे ऐकायला जास्त लागला. पण ऐकलं.

पुढच्या मोसमात मी पुन्हा जहाजावर होते. कड्याला लागलो त्या सकाळी मागच्या डेकवर तार सोडत होते. क्रेन सुरू झाली आणि जाळ्यात भरलेल्या घरच्या पेट्या, दोरांनी बांधलेल्या, नावं रंगवलेल्या, समुद्रावरून वर गेल्या आणि कड्यावरच्या माणसांनी त्या हातात घेतल्या. त्यानंतर इंधनाची पिंपं. मी जासूद सोडला. खाली खटका वाजल्याचा हलकासा धक्का तारेतून हाताला कळला आणि मी पाणी वर ओढायला घेतलं.